लांबच्या प्रवासापूर्वीं मोटारसायकलच्या दिव्याची परीक्षा

ऊंसाचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यांतील रस्त्यांवर रात्र व दिवस असा भेद उरत नाहीं. ऊंसानें भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अंधारांतच कारखान्याची वाट धरतात. ह्याच दिवसांत आमच्या शेतकरी बंधूंचे लांबचे प्रवासही निघतात. मार्गशीर्षांत सौंदत्तीची यात्रा, पुढें लग्नसराईच्या बैठका, चैत्रांत जोतिबा. कोणास गगनबावड्यावरून कोंकणांत उतरावयाचें असतें, तर कोणास मिरज-सांगोल्याच्या वाटेनें पंढरपूर गांठावयाचें असतें. पूर्वीं अशा प्रवासास बैलगाडी जुंपीत. आज बहुतेकांच्या दाराशीं मोटारसायकल उभी असते. बैल अंधारांतही ओळखीची वाट चुकत नाहीं. यंत्रास ती दृष्टि नाहीं, आणि त्याच्या स्वारासही पुढल्या एका दिव्यावांचून रात्रीं दुसरा आधार नाहीं. निघण्यापूर्वीं टायरची हवा, इंजिनाचें तेल व पेट्रोल हीं सर्वजण पाहतात. दिवा मात्र नुसती कळ दाबून पाहिला जातो. तेवढें पुरेसें नाहीं, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत पाठ लिहीत आहों.

आमचीच एक चूक प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत आम्ही कोंकणांतून करूळ घाट चढून गगनबावड्यास आलों, तों सूर्य मावळला. निघण्याच्या आदल्या सायंकाळीं दिवा मंद वाटला, म्हणून आम्हीं नवा बल्ब आणून बसविला होता व तेवढ्यावर निश्चिंत झालों होतों. साळवण मागें टाकल्यावर प्रत्येक खड्ड्यास दिवा मिचकावूं लागला, आणि कळे गांव येण्यापूर्वींच तो पार विझला. आम्ही ब्रेक दाबीत असतांना पुढून घुंगुरांचा आवाज कानीं आला. गाडी थांबली तेव्हां वीस हातांवर ऊंसानें शिगोशीग भरलेली बैलगाडी चालली होती. तिच्या मागें ना कंदील, ना लाल कांच. वेग बेताचा होता म्हणूनच निभावलें. विजेरीच्या उजेडांत शोधतां दोष सांपडला तो बल्बमध्यें नव्हे. दिव्यांतून निघून गाडीच्या सांगाड्यास मिळणारी तार ज्या बोल्टाखालीं आवळली होती, तो बोल्ट गंजला होता. चाकूनें गंज खरवडून बोल्ट आवळतांच दिवा लख्ख लागला. पांच मिनिटांचें हें काम घरीं, दिवसां उजेडीं करावयाचें होतें.

आतां ह्यांत प्राणाचा प्रश्न कसा येतो, त्याचा हिशेब पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें ५५ फूट जाते. पुढें कांहीं दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत सामान्य माणसास दीड सेकंद धरावा. तेवढ्यांत ८० फूट सरले. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर बेताच्या ब्रेकनें गाडी उभी राहीपर्यंत आणखी ९० फूट जातात. एकूण १७० फूट झाले. ताशीं ४० किलोमीटर वेगास हीच बेरीज सुमारें ९५ फूट होते. ज्याचा दिवा १०० फुटांपलीकडे दाखवीत नाहीं, तो ४० च्या वेगानें कसाबसा वांचेल. ६० च्या वेगानें गेल्यास बिनदिव्याची गाडी दिसूनही त्यास थांबतां येणार नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ वा नियम पुढील माणूस व वाहन १५५ मीटरांवरून, म्हणजे सुमारें ५०० फुटांवरून, स्पष्ट दिसावें असा दिवा मागतो, तो उगीच नव्हे.

विजेची वाट

दिव्याचा दोष शोधणें म्हणजे पाटाची गळती शोधणें होय. विहिरीवर पंप पूर्ण चालत आहे आणि शेवटच्या सरींत पाणी पोंचत नाहीं, असें झाल्यास शहाणा शेतकरी एकदम पंप बदलीत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालत जातो व कोठें घूस लागली आहे, कोठें बांध फुटला आहे तें पाहतो. दिव्याचेंही तसेंच करावें. बॅटरीपासून निघालेली वीज प्रथम फ्यूजमधून, मग किल्लीच्या स्विचमधून, पुढें हँडलवरील अप्पर-डिप्परच्या कळेंतून होल्डरमध्यें व तेथून बल्बमध्यें येते.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. पाणी सरींत जिरतें व काम संपतें; विजेस परत जावें लागतें. बल्ब पेटवून ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून बॅटरीच्या वजा टोकास पोंचली, तरच दिवा लागतो. ह्या परतीच्या वाटेस कारागीर 'अर्थ' म्हणतात. बहुतेक लोक येण्याची वाट तपासतात व परतीची विसरतात. आणि गंज चढतो तो बहुधा ह्या परतीच्या बोल्टावरच.

मोटारसायकली दोन जातींच्या असतात. कित्येक जुन्या गाड्यांत पुढील दिवा इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालतो. इंजिन बंद असतां तो लागत नाहीं, इंजिन मंद चालतांना मिणमिणतो व वेग वाढवितां उजळतो. हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. दुसऱ्या जातींत दिवा बॅटरीवर चालतो व त्याचा प्रकाश सर्व वेगांत जवळजवळ सारखा राहतो. १ एप्रिल २०१७ पासून भारतांत नव्या दुचाक्यांचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटता राहतो; त्यांस दिवा बंद करण्याची कळ नाहीं. अशा गाडीचा दिवा दिवसां विझला, तर स्वारास सायंकाळपर्यंत कळत नाहीं. म्हणून रोज सकाळीं गाडी काढतांना समोरच्या भिंतीवर उजेड पडतो कीं नाहीं, हें पाहण्याची संवय ठेवावी.

परीक्षेचा क्रम

इंडिकेटरचा १२ व्होल्टचा एक बल्ब घेऊन त्यास दोन लांब तारा जोडाव्या. हा आपला परीक्षेचा दिवा. ज्यांच्यापाशीं मोटर-पंपासाठीं घेतलेला मल्टिमीटर आहे, त्यांचें काम आणखी सोपें होईल. कांहीं खोलतांना किल्ली बंद असावी, व तापलेल्या बल्बास हात लावूं नये.

१. दिवा मुळींच लागत नसेल तर : प्रथम हॉर्न व इंडिकेटर चालतात कीं नाहीं तें पाहावें. बॅटरीवरील गाडींत तेही बंद असल्यास दोष बॅटरींत, तिच्या टोकांच्या जोडांत, मुख्य फ्यूजमध्यें किंवा किल्लीच्या स्विचमध्यें असतो. फ्यूज गेला असल्यास त्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच उडाला, तर कोठें तरी तारेचें आवरण सोलून ती सांगाड्यास टेकत आहे असें समजावें व ती जागा शोधावी. फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी अगर तांब्याची तार घालूं नये. फ्यूज वांचविण्याच्या नादांत सर्व वायरिंग व प्रसंगीं गाडी जळते.

हॉर्न वाजतो व दिवाच लागत नाहीं, तर होल्डर काढून बल्ब पाहावा. आंतील बारीक तार तुटलेली, किंवा कांच काळवंडलेली वा आंतून दुधाळ झालेली दिसली, तर बल्ब गेला. बल्ब धड असल्यास परीक्षेच्या दिव्याचें एक टोक बॅटरीच्या वजा टोकास व दुसरें होल्डरमधील वीज येणाऱ्या पातीस लावून किल्ली चालू करावी. जेथें दिवा इंजिनाबरोबरच लागतो तेथें इंजिनही चालू करावें. परीक्षेचा दिवा पेटला, तर वीज होल्डरपर्यंत येते व दोष परतीच्या वाटेंत आहे. न पेटल्यास मागें मागें जावें : अप्पर-डिप्परची कळ, किल्लीचा स्विच, फ्यूज. ज्या दोन जागांमध्यें वीज नाहींशी होते, त्यांमध्येंच दोष आहे.

२. अप्पर लागतो व डिप्पर लागत नाहीं, किंवा उलट : बल्बच्या पोटांत दोन तारा असतात, एक गेली तरी दुसरी चालते. होल्डरच्या दोन्ही पातींवर परीक्षेचा दिवा आळीपाळीनें लावून कळ फिरवावी. दोन्ही ठिकाणीं वीज येत असेल तर बल्ब बदलावा. एकाच ठिकाणीं येत असेल तर कळेच्या आंतील तांब्याच्या टिकल्यांवर हिरवा गंज चढलेला असतो; कळ उघडून तो साफ करावा.

३. दिवा लागतो पण मंद आहे : बॅटरीवरील गाडींत इंजिन बंद असतां पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२ च्या खालीं आल्यास ती जवळजवळ रिकामी आहे. इंजिन चालू करून वेग थोडा वाढवितां हा आंकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आला पाहिजे. न आल्यास बॅटरी भरली जात नाहीं. नंतर दिवा पेटता ठेवून बॅटरीच्या टोकांवर व होल्डरच्या पातींवर व्होल्ट मोजावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आला, तर वाटेंत गळती आहे. ही गळती क्षुल्लक मानूं नये. ह्या बल्बांचा प्रकाश व्होल्टच्या मानानें फार झपाट्यानें उतरतो; व्होल्ट दहांतील एका भागानें कमी झाले, तर प्रकाश सुमारें तीन भागांनीं घटतो. नदीवरच्या मोटरीस लांबून बारीक वायर नेली म्हणजे ती कशी कण्हते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

मीटर नसल्यास साधी युक्ति आहे. एक जाड तार होल्डरच्या अर्थच्या पातीपासून थेट बॅटरीच्या वजा टोकास क्षणभर लावावी. दिवा एकदम उजळला, तर अर्थ खराब आहे. तिचा बोल्ट सोडून लोखंड व तारेचें टोक काचकागदानें चकचकीत घासावें, घट्ट आवळावें व वरून थोडें व्हॅसलीन लावावें. सर्व वीज पुरी पोंचूनही उजेड कमी असेल, तर दिव्याच्या आंतील आरसा पाहावा. तो काळा पडला वा त्याचा मुलामा उडाला असल्यास पुसून उपयोग नाहीं. तो दिवाच बदलावा लागतो.

४. खड्ड्यास मिचकावतो : जोड सैल आहे. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवावें. त्या वळणीं दिवा विझत असेल, तर हँडलच्या मानेशीं वाकून वाकून तार आंतल्या आंत तुटली आहे. वरचें आवरण मात्र धड दिसतें. तेवढी तार नवी टाकावी, व हँडल वळतांना ती ताणली जाणार नाहीं इतकी सैल सोडावी.

५. बल्ब वारंवार जातो : इंजिन वेगांत असतां बॅटरीवर १५ व्होल्टाहून अधिक येत असतील, तर वीज आंवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अप्पर व डिप्पर दोन्ही एकदम जळाल्यास ह्याचाच संशय आधीं घ्यावा. मॅग्नेटोवरील दिव्यासही हा दोष लागतो. इंजिन तेज होतांच बल्ब उडतो. रेग्युलेटर न बदलतां नुसते बल्ब घालीत राहणें व्यर्थ आहे. दुसरें कारण आपल्याच हाताचें असतें. हॅलोजन बल्बच्या कांचेस बोटाचें तेल लागलें, तर तेथें ती अधिक तापते व बल्ब अल्पायुषी होतो. बल्ब बुडाशीं धरावा; स्पर्श झालाच तर स्पिरिटच्या फडक्यानें पुसावा.

झोताची उंची

दिवा लख्ख असूनही रस्ता दिसत नाहीं, अशी तक्रार प्रवासांत अनेक वेळां होते. मागें माणूस बसला व पिशव्या लटकल्या, म्हणजे गाडीचें तोंड वर होतें आणि झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातो. ह्याची परीक्षा प्रवासाचें ओझें घालूनच करावी. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून २५ फूट दूर, दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी. स्वारानें व मागील माणसानें वर बसावें. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीस खडूची रेघ ओढावी. मग डिप्पर लावावा. त्याच्या उजेडाची वरची कड ह्या रेघेच्या ३ इंच खालीं असावी. हिशेब सोपा आहे. २५ फुटांत ३ इंच उतरणारा झोत ३ फूट उंचीवरून निघाला, तर ३०० फुटांवर जमिनीस मिळतो. कड रेघेच्या वर गेल्यास समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. फार खालीं आल्यास आपल्यालाच पुढचें दिसत नाहीं. दिव्याच्या कडेचा स्क्रू फिरवून वा बाजूचे बोल्ट सैल करून झोत बेतावा. ओझें उतरल्यावर तो पुन्हां पूर्ववत् करण्यास विसरूं नये.

मोठ्या बल्बचा मोह

उजेड कमी पडतो म्हणून ३५ वॅटच्या जागीं ६० वा १०० वॅटचा बल्ब घालण्याची चाल पडली आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं असाच बल्ब बसविला. दोन महिन्यांत होल्डर वितळून तारा एकमेकींस चिकटल्या. कारण उघड आहे. १२ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब सुमारें ३ अँपिअर वीज ओढतो, ६० चा ५, व १०० चा ८ हून अधिक. तारेंतील व जोडांतील उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ३ चे ५ होतांच ती जवळजवळ तिप्पट होते. त्यांत गाडीची वीज उत्पन्न करण्याची शक्ति ठरलेली, म्हणून बॅटरीही उतरत जाते. एक पोहऱ्याच्या दोरास दोन पोहरे बांधण्यासारखेंच हें झालें.

हॅलोजनच्या जागीं बसणारे एलईडी बल्बही बाजारांत मिळतात. ते वीज थोडी घेतात हें खरें. परंतु दिव्याचा आरसा हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून घडविलेला असतो. त्यांत भलत्या आकाराचा प्रकाश ठेवला, म्हणजे उजेड पसरतो, दूर पोंचत नाहीं व समोरच्यास त्रास होतो. मॅग्नेटोवरील दिव्यांत असे कित्येक बल्ब फडफडतात वा लवकर जळतात. कारखान्यांतूनच एलईडी दिवा बसून आलेल्या नव्या गाडीची गोष्ट वेगळी. तिचा जोड व फ्यूज आपण पाहावा, दिवा मात्र जाणत्या कारागिराकडेच उघडावा. ज्यांस उजेड खरोखर हवा आहे, त्यांनीं आहे त्याच वॅटच्या बल्बास पुरी वीज पोंचविण्याची व्यवस्था करावी. गळती बंद झाली, म्हणजे जुना दिवाही नव्यासारखा दिसतो, असा आमचा अनुभव आहे.

गोठा, खत आणि पाऊस

शेतकऱ्याच्या गाडीस शहरांतील गाडीहून अधिक रोग जडतात, ते कां हेंही पाहावें. गाडी गोठ्याच्या कडेस उभी असते. शेण-मुताच्या वाफेंतील अमोनिया तांब्या-पितळेचे जोड खातो. तिच्यावरून रासायनिक खताचीं पोतीं येतात. सांडलेली भुकटी हवेंतील ओल शोषते व लोखंड आणि तांबें दोन्ही कुरतडते. धान्याच्या खोलींत गाडी ठेवल्यास बैठकीखालील तारा उंदीर तोडतात. पंपाच्या पाण्याचा फवारा मारून धुण्यानें दिव्यांत व कळेंत पाणी शिरतें, आणि गगनबावड्याकडील मुसळधार पाऊस उरलें सुरलें काम पुरें करतो. म्हणून गोठ्यापासून दूर, कोरड्या जागीं गाडी लावावी. खत आणल्यावर तिला ओल्या फडक्यानें पुसावें. पावसाळ्याच्या आधीं व नंतर एकदां सर्व जोड उघडून, साफ करून घट्ट बसवावे.

केव्हां करावें व बरोबर काय घ्यावें

ही सर्व परीक्षा प्रवासाच्या आठ दिवस आधीं करावी. म्हणजे एखादा भाग आणावयाचा असेल, तर कोल्हापुरास जाऊन तो आणण्यास व उद्यमनगरांतील एखाद्या कारागिरास दाखविण्यास अवधि मिळतो. तीन दिवस आधीं ओळखीच्या रस्त्यानें रात्रीं तासभर गाडी चालवून पाहावी, कारण कित्येक दोष गाडी तापल्यावर व हादरल्यावरच प्रकट होतात. आदल्या दिवशीं मात्र कांहीं खोलूं नये. बरोबर एक त्याच वॅटचा बल्ब कापसांत गुंडाळून, दोन योग्य अँपिअरचे फ्यूज, हातभर तार, चिकटपट्टी, काचकागदाचा तुकडा, स्क्रू-ड्रायव्हर, पान्हा व विजेरी एवढें सामान घ्यावें. तें एका लहान पिशवींत मावतें. वाटेंत दिवा विझलाच, तर पुढल्या मोटारीच्या उजेडामागें धांवण्याचें साहस करूं नये. रस्त्याच्या पूर्ण खालीं गाडी घेऊन दोष शोधावा, आणि न सांपडल्यास जवळच्या गांवांत रात्र काढावी.

शेवटीं एक गोष्ट. त्या रात्रीं आमच्या पुढें जी बैलगाडी होती, ती आपल्याच कोणा शेतकरी बंधूच्या ऊंसाची होती. आमचा दिवा विझला हा आमचा दोष; पण तिच्या मागें एखादी लाल परावर्तक पट्टी असती, तर मागून येणाऱ्या दुसऱ्या कोणाच्याही उजेडांत ती दूरवरून चमकली असती. ज्यांच्या फडांतून ह्या हंगामांत गाड्या निघतील, त्यांनीं ऊंसाच्या मोळ्यांनीं झांकली जाणार नाहीं अशा जागीं ती पट्टी गाडीस व ट्रॉलीस आहे ना, हें भरतांनाच पाहावें. तशीच आपल्या मोटारसायकलच्या दिव्याची परीक्षा ह्याच आठवड्यांत करावी, एवढी विनंति करून हा पाठ पुरा करतों.